कोठाराची चित्रपट-खोली : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते नोव्हेंबर २०२४

फोंडा तालुक्यातील एका गावात, जुन्या घराला लागून असलेले भाताचे कोठार दुरुस्त करून तेथे अपंग चित्रपटकारांना बसून, बोलून आणि यंत्रे हाताळून काम करता येईल अशी खोली उभी करण्याचे काम आमच्या लहानशा चित्रपट मंडळाने हाती घेतले. मी मंडळाचा चिटणीस आहे आणि मला स्वतःला कोणतेही अपंगत्व नाही. खालच्या नोंदींतील बहुतेक चुका त्याच कारणाने झाल्या आहेत. गटातील काहींना ‘दिव्यांग’ हा शब्द रुचतो, काहींना ‘अपंग’ हाच सरळ वाटतो. मी ज्याच्या त्याच्या पसंतीप्रमाणे वापरतो. असे काम दुसऱ्या कोणी करणार असेल, तर त्याला मापे आणि खर्च यांचा उपयोग होईल.

१७ जानेवारी

पणजीत ८ ते १३ जानेवारीदरम्यान आंतरराष्ट्रीय पर्पल फेस्ट हा अपंग व्यक्तींचा महोत्सव झाला. तेथे आमच्याच तालुक्यातील तिघे भेटले, ज्यांना चित्रपट करायचा आहे, पण जमण्यासाठी जागा नाही. मंडळाच्या बैठका वाचनालयाच्या माडीवर होतात आणि माडीला अठरा पायऱ्या आहेत, ही गोष्ट मी इतकी वर्षे तेथे जात असूनही मोजली नव्हती.

कोठाराच्या मालकांनी दोन वर्षे भाडे न घेण्याचे मान्य केले आहे. मोबदल्यात छप्पर आम्ही शाकारून द्यायचे. आज मापे घेतली. आत लांबी ९ मीटर, रुंदी साडेपाच मीटर, भिंती चिऱ्याच्या, छप्पर मंगळुरी कौलांचे. जोते अंगणापासून ४५० मिलिमीटर उंच असून तीन पायऱ्या आहेत. दार लांब भिंतीच्या एका टोकाला, दोन झडपांचे, आणि प्रत्येक झडप ४८० मिलिमीटरची. उंबरठा १०० मिलिमीटर उंच, सागवानी.

२ फेब्रुवारी

आराखडा मी एकट्याने घरी बसून काढला. पुढच्या बाजूला पडदा, त्यासमोर खुर्च्या, पहिल्या रांगेत व्हीलचेअरसाठी दोन मोकळ्या जागा आणि मागे संकलनाचे टेबल व प्रोजेक्टर. मागच्या बाजूला पूर्वी भाताची पोती ठेवण्यासाठी बांधलेला २०० मिलिमीटर उंचीचा ओटा आहे. पूर्ण रुंदीचा असल्यामुळे यंत्रे ठेवायला तो सोयीचा वाटला, म्हणून सगळी यंत्रे त्याच्यावर दाखवली. आराखडा पाहून मला स्वतःला बरे वाटले, हेही नोंदवून ठेवतो.

११ फेब्रुवारी

पहिली बैठक कोठारातच घेतली. नऊ जण आले. व्हीलचेअर वापरणारे छायाचित्रकार दादा (मोटारसायकलच्या अपघातानंतर कमरेखाली हालचाल नाही), ध्वनीचे काम शिकलेली अंध ताई, बहिरा तरुण संकलक, कानाचे यंत्र वापरणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका, अपस्मार असलेला एक पटकथा लिहिणारा मुलगा, त्याची आई आणि इतर. दादांना चौघांनी खुर्चीसकट उचलून आत आणावे लागले. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या वेळी असे झाले तर ते येणार नाहीत, हे मला कळले.

मी कौतुकाने आराखडा समजावून सांगत होतो. पहिल्या रांगेतील दोन जागांवर मी आलो, तेव्हा ताई म्हणाली, “सर, आम्ही कुठे बसून चित्रपट बघायचा ते तुम्ही सांगितलंत. मी काम कुठे करायचं?” दादांनी ओट्याकडे बोट दाखवून तोच प्रश्न न बोलता विचारला.

प्रेक्षक अपंग असेल हे मी गृहीत धरले होते. चित्रपट करणारा मात्र माझ्या डोक्यात धडधाकटच होता. उतरण (रॅम्प) पडद्यापर्यंत, आणि यंत्रांपाशी पायरी. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचे २९ वे कलम सांस्कृतिक जीवनाविषयी आहे, आणि ते मी मंडळाच्या अर्जात लिहिले होते. लिहिताना ‘सहभाग’ या शब्दाचा अर्थ मी टाळ्या वाजवणे एवढाच धरला होता, असे आता म्हणावे लागेल.

ओटा फोडायचा ठरला. फोडण्याची मजुरी २,८०० रुपये. संकलनाचे टेबल दारापासून सर्वांत जवळ आणि प्रेक्षकांच्या खुर्च्या, जागा उरली तर, मागे.

२६ फेब्रुवारी

उतरण तयार झाली, आणि ती चुकली. नियम १:१२ चा आहे, म्हणजे चढ जेवढा असेल त्याच्या बारा पट लांबी. ४५० मिलिमीटरच्या जोत्याला ५.४ मीटर उतरण हवी. दारासमोर अंगण जेमतेम चार मीटर आणि पुढे रस्ता. मी ठेकेदाराला माप सांगितले होते, लिहून दिले नव्हते. त्याने जागेत बसेल तशी तीन मीटरची उतरण बांधली आणि “गाडी सहज चढते” असे सांगितले. त्याची स्कूटर खरोखरच सहज चढली.

९ मार्च

दादांनी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा अर्ध्यावर चाके थांबली, दुसऱ्यांदा खुर्चीची पुढची चाके उचलली गेली आणि मागे उभ्या असलेल्या मेस्तने (आमच्या मिस्त्रीने) पकडले नसते तर ते पाठीवर पडले असते. उतरण फोडली. पहिले १६,००० रुपये गेले.

दुसरी उतरण भिंतीला समांतर घेतली. वर आणि खाली दीड-दीड मीटरची सपाट जागा धरूनही भिंतीची नऊ मीटर लांबी पुरते, कारण बेरीज ८.४ मीटर होते. रुंदी १२०० मिलिमीटर, मोकळ्या बाजूला दोन उंचींवर कठडा. पृष्ठभाग गुळगुळीत न ठेवता ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा मारून घेतल्या. खर्च ५२,००० रुपये. या वेळी माप कागदावर दिले आणि प्रत्येक मीटरला पाण्याच्या नळीने पातळी तपासली. ठेकेदार रागावला नाही, एवढेच समाधान.

२१ मार्च

दाराचा प्रश्न दोन भागांत होता. दोन्ही झडपा उघडल्या तर वाट ९०० मिलिमीटरच्या वर मिळते, पण दुसऱ्या झडपेची कडी चौकटीच्या माथ्याला असल्यामुळे ती झडप कधीच कोणी उघडत नसे. खुर्चीत बसून तेथे हात पोचणे अशक्यच. सुताराने ती काढून कमरेच्या उंचीला दांड्याची कडी बसवली, ६५० रुपये. आतापर्यंतचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम हेच.

उंबरठा अवघड गेला. शंभर मिलिमीटरच्या उंबरठ्यावर दोन्ही बाजूंनी लाकडी उतार ठेवायचा तर १:१२ ने प्रत्येक बाजूला १.२ मीटर जागा जाते. काढून टाकावा म्हटले, तर मालकांच्या आई पुढे आल्या. “मग मी हळदकुंकू कुठे वाहू?” असे आजींनी विचारले. प्रश्न रास्त होता आणि मी त्याला जुनाट समजण्याची घाई केली, त्यामुळे तीन दिवस काम बंद राहिले. शेवटी मेस्तनेच उपाय काढला. उंबरठ्याचे तेच लाकूड काढून, खाली खोबण करून, फरशीच्या पातळीत बसवले. उंबरठा आहे, फक्त उंच नाही. आजींनी दुसऱ्या दिवशी त्यावर हळदकुंकू वाहिले.

उंबरठा खाली गेला म्हणजे पावसाचे पाणी आत येणार, हे मेस्तला लगेच सुचले. दाराबाहेर आडवी नाली काढून वर लोखंडी जाळी टाकली. जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या आणि १२ मिलिमीटरपेक्षा कमी असाव्यात, नाहीतर खुर्चीची पुढची लहान चाके आणि पांढऱ्या काठीचे टोक त्यांत अडकते. कडी, उंबरठा, नाली मिळून ७,४०० रुपये.

याच आठवड्यात माहिती व प्रसारण मंत्रालयाने १५ मार्च रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचना गटात वाचल्या. चित्रपटगृहांत दाखवल्या जाणाऱ्या कथापटांना श्रवण व दृष्टी अपंग प्रेक्षकांसाठी मथळे (संवाद आणि आवाज पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या ओळी) आणि श्राव्य वर्णन (दिसते ते ऐकवणारे निवेदन) असावे, असा त्यांचा विषय आहे. ताई ऐकून म्हणाली, “ही वर्णनं लिहायला माणसं लागतील ना? मग ती आम्हीच लिहू.” मला हे सुचले नव्हते. मी पुन्हा प्रेक्षकांचाच विचार करत होतो.

१४ एप्रिल

स्वच्छतागृह पूर्ण. १,१२,००० रुपये, आणि एवढा खर्च एकट्या छपराच्या दुरुस्तीलाही (५८,०००) आला नाही. आतली मोकळी जागा २००० गुणिले २२०० मिलिमीटर, दार बाहेर उघडणारे, कमोडच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या दांड्या. एक दांडी पहिल्यांदा फक्त टाइलमध्ये खिळ्यांनी बसवली होती, हात टाकताच हलली. चिऱ्यापर्यंत भोक पाडून पुन्हा बसवली. बाकी सांगण्यासारखे नाही, पण एक सांगतो : ही खोली तयार होईपर्यंत गटातील दोघी बैठकीच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नव्हत्या, हे त्यांनी खोली झाल्यावर सांगितले.

९ मे

७ तारखेला मतदान असल्यामुळे चार दिवस कामगार नव्हते. त्या अवकाशात मी स्वतः लूप बसवला आणि पैसे घालवले.

कानाच्या यंत्रात ‘टी’ ची सोय असेल, तर खोलीभोवती फिरवलेल्या तारेतून निघणारे चुंबकीय क्षेत्र ते यंत्र थेट पकडते आणि खोलीतील गोंगाट टळतो. कल्पना उत्तम आहे. वर्धक आणि तार मिळून २६,५०० रुपये दिले. नंतर पाहिले, तर गटात यंत्र वापरणारे दोघेच, आणि त्यांपैकी एकाच्या यंत्रात ‘टी’ ची सोय नाही. उरल्या शिक्षिका बाई. त्यांनी कळ फिरवली आणि तोंड वाकडे केले. मी लूपची तार विजेच्या मुख्य वायरिंगला लागून नेली होती, त्यामुळे पन्नास हर्ट्‌झचा गुणगुणाट शब्दांपेक्षा मोठा येत होता. तार बाजूला घेतल्यावर तो कमी झाला, गेला नाही. जुन्या घराच्या वायरिंगमध्ये आणखी कोठेतरी दोष आहे.

बाईंना हवे होते ते वेगळेच. ध्वनिमिश्रकाच्या (मिक्सरच्या) हेडफोनची एक जोडणी त्यांच्या खुर्चीपर्यंत लांब वायरने आणली, कानाच्या यंत्रावर मोठे हेडफोन बसतात, काम झाले. चारशे रुपये. हा खर्च मी खिशातून दिला, हिशेबात धरलेला नाही. लाज वाटली म्हणून.

१६ जून

पाऊस लागला आणि उतरणीचा दुसरा दोष दिसला. भिंतीला समांतर घेतल्यामुळे ती बरोबर वळचणीखाली आली आहे, आणि कौलांच्या पागोळ्या तिच्या मध्यावर सरळ रेषेत पडतात. दहा दिवसांत त्या रेषेवर हिरवे शेवाळ धरले. खराट्याच्या रेघांचा येथे उपयोग नाही, कारण शेवाळ रेघांतच आधी धरते. शिक्षिका बाई घसरल्या, कठडा हाताला लागला म्हणून निभावले.

ज्याने उतरण बांधली तो, मी, मेस्त, आम्ही तिघेही गोव्यात जन्मलेले, आणि मार्च महिन्यात उतरण बांधताना एकालाही पागोळ्या आठवल्या नाहीत. पन्हळ बसवून पाणी मागच्या माडांकडे सोडले (९,८०० रुपये), आणि दर शनिवारी चुन्याची भुकटी टाकून घासण्याची पाळी लावली. पाळी लावली की ती माझ्याकडेच येते, असा अनुभव आहे.

दमटपणामुळे दुसरेही एक नुकसान झाले. एका भिंगावर बुरशी चढली. कॅमेरे आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह राहतात आणि डब्याचे झाकण एका हाताने उघडेल असे घेतले आहे. पहिल्या डब्याच्या दोन कड्या एकाच वेळी दाबाव्या लागत, आणि एका सदस्याला एकच हात वापरता येतो.

७ जुलै

माझ्या हातून ताईचे दोन तासांचे काम गेले.

ती एनव्हीडीए हे मोफत मिळणारे पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारे सॉफ्टवेअर) आणि रीपर हे ध्वनिसंकलनाचे सॉफ्टवेअर वापरते. रीपरला पडदावाचकाशी जोडणाऱ्या विस्ताराचे नाव ‘ओसारा’ आहे. ते इंग्रजी आद्याक्षरांपासून बनले असले, तरी घरात शिरण्याआधीच्या आपल्या सावलीच्या जागेचे नाव त्याला मिळाले, हे आम्हा सर्वांना फार आवडले. ओसारा असला की ध्वनिपट्ट्या, काप, पातळ्या हे सगळे कळफलकावरून करता येते आणि प्रत्येक कृती कानात ऐकू येते. माऊस लागत नाही. पडदाही लागत नाही, म्हणून वीज वाचवायला ती तो बंद ठेवते.

संध्याकाळी ती चहा प्यायला ओसरीवर गेली असताना मी खोली आवरायला आत आलो, पडदा काळा दिसला, संगणक बंद आहे असे धरून मुख्य बटण खाली केले. काम साठवलेले नव्हते. ती रागावली, आणि तिने तसे रागवावे हेच योग्य होते. दुसऱ्या दिवशी यूपीएस आणला (६,४०० रुपये), दर पाच मिनिटांनी आपोआप साठवण्याची सोय चालू केली, आणि बटणावर लाकडी झाकण बसवले. काळा पडदा म्हणजे बंद संगणक, ही समजूत माझ्या डोळ्यांची होती.

२० जुलै

सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै रोजी दृश्य माध्यमांतील अपंगत्वाच्या चित्रणाविषयी निकाल दिला. चेष्टा, दया किंवा अचाट पराक्रम एवढ्याच साच्यांत अपंग माणसे दाखवू नयेत आणि निर्मितीत त्यांचा सहभाग असावा, असा त्याचा रोख आहे. तो वाचण्यासाठी पूर्ण दिवसाची बैठक ठेवली आणि सांकेतिक भाषेचे एकच दुभाषे बोलावले. सहा तासांसाठी एक माणूस, ही चूक. तासाभरानंतर त्यांचे हात जड झाले, दुपारनंतर संकलक केवळ मान हलवत राहिला. दोन दुभाषे लागतात आणि ते साधारण वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. तसे पुढे केले. खर्च दुप्पट झाला.

दुभाष्यांना मी खिडकीसमोर उभे केले होते, कारण तेथे उजेड होता. उजेड त्यांच्या पाठीमागे होता, त्यामुळे हात काळे दिसत. आता त्यांची जागा साध्या गडद पडद्यासमोर आहे, आणि चित्रफीत पाहताना खोली अंधारी केली की त्यांच्या हातांवर एक लहान दिवा राहतो. पडदे आणि दिवा ३,९०० रुपये. दिवा घेताना लुकलुकणारा घेऊ नये. आमच्या पटकथालेखक मुलासाठी खोलीतील जुन्या ट्यूबलाइट आधीच बदलल्या होत्या, आणि एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारे दृश्य आमच्या चित्रपटात ठेवायचे नाही, हे त्याच बैठकीत ठरले.

२१ सप्टेंबर

चवथीच्या सुट्टीनंतर चित्रीकरण. अकरा मिनिटांचा लघुपट, रासई–दुर्भाट फेरीबोटीवर रोज ये-जा करणाऱ्या एका बाईचा. दोन दिवस वाया गेले.

पहिला दिवस भरतीचे वेळापत्रक न पाहिल्यामुळे गेला. भरतीला फेरीचा फळा आणि धक्का जवळजवळ सपाट होतात, सुकतीला (ओहोटीला) मात्र धक्क्याचा खालचा, चिखलाळ, तीव्र उताराचा भाग उघडा पडतो. आम्ही पोचलो तेव्हा सुकती होती. दादांना खाली नेणे धोक्याचे होते आणि उचलून नेणार नाही, हा आमचा नियम झाला आहे. चार तास थांबलो, तोवर ऊन गेले. चित्रीकरणाच्या कागदावर आता सूर्यास्ताच्या वेळेच्या वर भरतीची वेळ लिहिली जाते.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा खुर्चीच्या हाताला पकडपट्टीने घट्ट बसवला. फेरीचे इंजिन सुरू झाले आणि त्याची थरथर बोटीच्या पत्र्यातून खुर्चीत, खुर्चीतून कॅमेऱ्यात गेली. दिवसभराचे चित्रण टाकून द्यावे लागले. घट्ट बसवणे हाच दोष होता. तिसऱ्या दिवशी दादांनी खुर्चीच्या हातावर तांदळाने अर्धवट भरलेली कापडी पिशवी ठेवली आणि कॅमेरा तिच्यात रुतवला. थरथर तांदळात विरली. कोठाराच्या चित्रपटाला तांदूळच उपयोगी पडावा, याचे आजींना विशेष वाटले. पिशवी त्यांनीच शिवली होती.

१९ ऑक्टोबर

संकलन चालू आहे. या खोलीचे खरे काम आता कळते, आणि ते भिंतींत नाही.

संकलक बहिरा, ध्वनीची ताई अंध. दोघांना एकमेकांशी थेट बोलायचे असते, दर वेळी मधे तिसरा माणूस नको असतो. सुरुवातीला आम्ही सगळे एकदम बोलत होतो, दुभाषे भराभर हात हलवत होते आणि संकलक एकदा त्यांच्याकडे, एकदा पडद्याकडे पाहून दमत होता. दोन्हीकडे एकाच वेळी पाहता येत नाही, एवढी साधी गोष्ट. आता पद्धत अशी : बोलणाऱ्याने आधी वेळसंकेत (टाइमकोड) सांगायचा, थांबायचे, संकलकाने ती जागा पाहायची, मग त्याने मान वर केली की बोलायचे. बैठक दीडपट वेळ घेते. पण निर्णय परत फिरवावे लागत नाहीत, म्हणून एकूण वेळ वाचतो, असे माझे मत झाले आहे.

ती दोघे फोनवर लिहून बोलतात. त्याने टंकलेले ती पडदावाचकावर ऐकते. त्याचे मराठी सांकेतिक भाषेच्या वळणाचे आहे, प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, आदरार्थी रूपे गळतात. ताईला आधी तो उद्धट वाटला. आता ती त्याला त्याच वळणाने उत्तर देते. फोनवरील बोलण्याचे लेखन करणारे ॲपही वापरून पाहिले. शुद्ध मराठीत ते बरे चालते, पण आमच्या गटात वाक्य मराठीत सुरू होऊन कोंकणीत संपते, आणि तेथे ते वाटेल ते लिहिते.

दोघांच्या कामाचा सांधा शेवटी क्लॅपने जुळला. पाटीची फळी आपटते तो क्षण एकाला दिसतो आणि दुसरीला ऐकू येतो, त्यामुळे कोणालाही न विचारता दोघे एकाच जागेवर येतात. फेरीच्या इंजिनात पाच ठिकाणी क्लॅप ऐकूच येत नव्हता. तेथे एक पूर्ण दिवस गेला.

श्राव्य वर्णन मी लिहिले होते. ताईने त्यातील निम्मे काढले. “बोटीची साखळी वाजली की मला कळतं बोट लागली, तुम्ही त्यावर बोलू नका,” असे तिने सांगितले. बाईच्या चेहऱ्यावर दुःख आहे, असे एक वाक्य होते. दिसते ते सांगा, वाटते ते नको, म्हणून तेही गेले. आता तेथे ‘ती तिकडे पाहत नाही’ एवढेच आहे.

१० नोव्हेंबर

८ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी असून चालणार नाहीत, बंधनकारक नियम तीन महिन्यांत करावेत, असा निकाल दिला. आमच्या ठेकेदाराला मी तो फोन करून सांगितला. त्याने पुढील कामासाठी मापे लिहून मागितली आहेत.

हिशेब पूर्ण केला. छप्पर, ओटा, दोन्ही उतरणी, दार, स्वच्छतागृह, लूप, पन्हळ, पडदे-दिवा, यूपीएस, आणि गुडघे आत जातील अशी दोन टेबले (१३,२००) मिळून ३,०८,००० रुपये. त्याखेरीज फेब्रुवारीपासून आतापर्यंत दुभाषे आणि गाडीभाडे १,३८,००० रुपये. एकूण ४,४६,०००. यांतील ४२,५०० पहिली उतरण आणि लूप यांत सरळ वाया गेले. गाडीभाडे मी मूळ अंदाजपत्रकात धरलेच नव्हते. शेवटची बस सुटली की दादा आणि ताई यांना घरी पोचवायला भाड्याच्या गाडीशिवाय मार्ग नाही, आणि बसची पायरी दादांना एरवीही चढता येत नाही. बैठकांची वेळ संध्याकाळी सहाऐवजी सकाळी दहा केल्यावर भाड्याचा भार काहीसा उतरला. ज्याला अंदाजपत्रक करायचे आहे, त्याने हा आकडा पहिल्या ओळीत लिहावा.

२४ नोव्हेंबर

पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव चालू असल्यामुळे गटातील निम्मे तेथे आहेत. उरलेल्यांनी काल खोलीत लघुपट पाहिला, आजी पहिल्या रांगेत. फेरीच्या दृश्यात मथळ्यांची जोडाक्षरे फुटली आहेत, ‘दुर्भाट’ मधला रफार वेगळा पडतो; संकलकाला फॉन्ट बदलून सगळे मथळे पुन्हा काढावे लागतील.

कठड्याच्या खालच्या दांडीला, नालीजवळ, गंज दिसू लागला आहे. रंग खरवडून पाहिला, आत खोल गेलेला नाही. बुधवारी मेस्त येणार आहे.